खडवलीचा मंगेश आणि दातार सरांची लाल पेन्सिल

चहा ओता आधी, मग सांगतो. आणि मध्ये मध्ये हसायचं नाही. म्हणजे हसाल तुम्ही, सगळेच हसतात, पण शेवटाला हसू तोंडातच राहिलं तर मला बोल लावू नका. अहो, मी खोटं बोललो ते फक्त एकदा. एकदाच! पुढचं सगळं त्या एका खोट्याला सांभाळता सांभाळता झालं.

नव्वदचं दशक संपत आलेलं. मी डोंबिवलीला राहायचो, मानपाड्याच्या बाजूला, तिथंच एमआयडीसीत नोकरी. आणि नाद काय, तर पक्ष्यांचे फोटो. रविवार उजाडला की कॅमेरा गळ्यात अडकवून ठाण्याच्या खाडीवर. बगळे, शेकाट्या, खंड्या, आणि नशीब असेल तर गुलाबी रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. गुडघाभर चिखलात उभं राहायचं आणि रोल संपवून घरी यायचं. वर्षा, म्हणजे आमची बायको, म्हणायची, "लोक रविवारी मटण आणतात घरी. तू चिखल आणतोस."

अशात घरात कम्प्युटर आला. तेव्हाचं इंटरनेट आठवतं ना? ते लावलं की फोन बंद! आणि जोडताना मॉडेम असा किंचाळायचा की शेजारच्या काकू दार वाजवायच्या, "मिक्सर बिघडला का हो तुमचा?" एक पुस्तक आणलं, रात्रंदिवस त्यात डोकं घातलं, आणि केली की हो मी वेबसाइट! माझी स्वतःची! खाडीच्या पक्ष्यांची!

काय नव्हतं त्यात? मागे निळं आकाश, त्यात पांढरे ढग. त्यावर लाल अक्षरं. नाव डावीकडून उजवीकडे पळायचं. 'वेलकम' तीन ठिकाणी, तिन्ही लुकलुकणारे. खाली फावडं मारणारा एक छोटा माणूस, म्हणजे काम अजून चालू आहे असं कळावं म्हणून. आणि या सगळ्यात, नीट शोधलंत तर, पोस्टाच्या तिकिटाएवढे पक्षी.

मी सगळ्यांना घरी बोलावून दाखवायचो आणि विचारायचो, "काय सुधारू सांगा!" आणि सगळे म्हणायचे, "छान!" ऑफिसातले आले, छान! वरच्या मजल्यावरचे आले, छान! सासूसासरे नौपाड्याहून आले. सासऱ्यांनी चष्मा पुसून पाहिलं, "छान!" म्हणाले, आणि ढोकळा कुठून आणला ते विचारलं.

ते निघाले तर छत्री विसरली. मी घेऊन मागे धावलो. तर खालच्या जिन्यात सासूबाई म्हणतायत, "माझं तर डोकंच दुखायला लागलं हो! काय ते मेलं लुकलुकत होतं! पण जावयाला सांगणार कोण?"

मी छत्री घेऊन तसाच वर आलो.

आता मला सांगा, यात त्यांचं काय चुकलं? आपण तरी तोंडावर खरं बोलतो का? बारशाला गेलो की बाळ कसंही असो, छान. भाजी खारट झाली तरी छान. खरं काय ते आपण जिना उतरताना बोलतो. म्हणजे माझ्या वेबसाइटबद्दल आख्ख्या डोंबिवलीत खरं बोलणं झालेलं होतं, फक्त जिन्यात! आणि मी वर, बंद दाराआड, स्वतःवर खूश.

तेव्हा मला दातार सर आठवले.

दातार सर म्हणजे आमचे ठाण्याच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर. यांना जिना लागायचाच नाही! जे असेल ते तोंडावर. खिशात कायम लाल पेन्सिल. सातवीत मी घोडा काढलेला, त्याच्याखाली त्यांनी लिहिलेलं, "बसला आहे की मेला आहे?" आता निवृत्त होऊन नौपाड्यात एकटेच राहत होते. दातार काकू जाऊन दोनेक वर्षं झालेली. तेव्हापासून सरांनी ब्रश हातात धरला नाही, असं ऐकून होतो.

सरांकडे कम्प्युटर कुठला असायला! मग मी पानांच्या रंगीत प्रती छापून घेतल्या आणि शनिवारी संध्याकाळी त्यांच्या दारात उभा राहिलो.

"कोण, सुहास का? ये. हातात काय आहे?"

"सर, वेबसाइट आहे. म्हणजे कम्प्युटरवर असते, ही छापून आणलीये. खाडीतल्या पक्ष्यांची. जरा बघून सांगाल का, कशी झालीये?"

सरांनी पानं घेतली. चष्मा चढवला. आणि खिशातून ती बाहेर काढली. लाल पेन्सिल! अहो, मी तिशी ओलांडलेला संसारी माणूस, पण ती पेन्सिल पाहिली आणि मी पुन्हा सातवी ब मध्ये.

"कोणी केलंय हे?" सरांनी विचारलं.

आणि मी काय म्हणावं?

"मित्रानं, सर!"

"नाव?"

"मंगेश."

"कुठला?"

"खडवलीचा."

का खडवली? मला काय माहीत! कल्याणच्या पुढचं, सर कधी जाणार नाहीत असं काहीतरी हवं होतं, आणि जिभेवर तेच आलं. मला वाटलं, झकास! सर खरं बोलतील आणि मार मंगेश खाईल.

आणि सर बोलले की हो!

"हे ढग कशाला? पक्षी चिखलात बसलाय आणि मागे ढग?" लाल रेघ. "निळ्यावर लाल अक्षरं! लोकांचे डोळे फोडायचेत का त्याला?" लाल रेघ. "हा माणूस कोण? खाडीत खड्डा खणतोय?"

"नाही सर, म्हणजे काम अजून पूर्ण झालं नाही असं—"

"मग पाहुण्यांना बोलावलं कशाला त्यानं? स्वयंपाक झाला नाही तर पानं मांडतं का कोणी? आणि इथे ही जागा रिकामी का सोडली आहे?"

"तिथे 'वेलकम' आहे सर. ते मिटतं-उघडतं. छापलं तेव्हा मिटलेलं होतं."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मिटलेलंच बरं दिसतंय. तसंच ठेव म्हणावं."

मग पेन्सिल त्या तिकिटाएवढ्या रोहितावर आली आणि थांबली. सर पान खिडकीपाशी घेऊन गेले. "सुहास, फोटो यानंच काढलेत?"

"हो सर."

"मुलाला नजर आहे रे! हा पाय उचललेला क्षण बघ कसा पकडलाय. आणि एवढासा का छापलाय गाढवानं? याला सांग, बाकीचा सगळा केर काढ. पांढरा कागद आणि एक पक्षी. चारी बाजूंना समास. वर्गात घसा फोडून सांगायचो मी, समास सोडा, समास सोडा! तुला तरी कधी कळलं?"

मी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा सर माझं कौतुक करत होते, आणि त्याच वाक्यात मला ऐकवतही होते!

घरी येऊन मी सगळा केर काढला. ढग गेले, फावडेवाला गेला, तिन्ही वेलकम गेले. पांढऱ्या पानावर एकच मोठा रोहित. मराठी नाव दिसायला तेव्हा समोरच्याकडे तोच फॉन्ट लागायचा, म्हणून नावाचं चित्रच करून टाकलं. वर्षा मागे येऊन उभी राहिली आणि वाकून पडद्याजवळ डोळे नेले. मग म्हणाली, "अरे, हे तू केलंस?"

बघा! बायको! छान म्हणाली नाही! मी तर हवेतच.

मग काय, शनिवार ठरूनच गेला. मी छापील पानं न्यायची, सरांनी लाल करून द्यायची. "अक्षर मोठं. म्हाताऱ्यांनीही बघायचंय ना?" "बगळा उजवीकडे बघतोय, मग त्याला डाव्या कडेला घे. भिंतीकडे तोंड करून का बसवलाय?" आणि दर वेळी शेवटी, "मंगेशला म्हणावं, प्रगती आहे."

पुढे पुढे मी जिना चढायच्या आत दार उघडायला लागलं. टेबलावरची औषधं बाजूला सारलेली, पेन्सिलीला टोक काढलेलं. एकदा सर म्हणाले, "काय आहे सुहास, घरात बोलायला कोणी नाही. पण हा मुलगा ऐकतो रे! जे सांगावं ते पुढच्या शनिवारी करून पाठवतो. नोकरीत इतकी मुलं हाताखालून गेली, असा विद्यार्थी मिळाला नाही."

मी समोर बसलेलो. त्यांच्या हाताखालून गेलेला, शाळेतला, खराखुरा विद्यार्थी!

"तूही शिक काहीतरी त्याच्याकडून," सर म्हणाले.

खोटं कशाला बोलू, मला राग यायला लागला. मंगेशचा! माझे फोटो, माझा चिखल, माझं टेलिफोनचं बिल, आणि कौतुक त्या खडवलीकराचं! वर्षाला सांगितलं तर तिनं डोक्यावर हात मारला. "सुहास, उद्याच्या उद्या सांगून टाक त्यांना."

"सांगतो गं. पण सांगितलं की ते खरं बोलायचं थांबवतील. एवढी साइट पूर्ण होऊ दे."

हे माझं पाप बरं का. इथेच सांगायला हवं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर एक टप्पल मिळाली असती, बस.

सांगितलं नाही, आणि मंगेश वाढतच गेला. सर म्हणाले, "घेऊन ये त्याला." मी म्हटलं, त्याची रात्रपाळी असते. दिवाळीला सरांनी बेसनाचे लाडू दिले, मंगेशसाठी म्हणून डबा वेगळा. तो मी आणि वर्षानं खाल्ला. वर्षा लाडू चावत चावत मला शिव्या देत होती.

मग एका शनिवारी सर म्हणाले, "लग्न झालंय का रे त्याचं? माझी एक पुतणी आहे बदलापूरला."

"ठरलंय सर!" मी ओरडलोच.

"अरे वा! मग मला पत्रिका नाही?"

"तारीख नक्की व्हायचीये सर."

"मुलगी कुठली?"

"आसनगावची."

बघताय ना तुम्ही? माणूस एक, पण मी त्याला नोकरी दिली, लग्न ठरवलं, सासुरवाडी दिली! घाम पुसत घरी आलो.

त्याच्या पुढच्या खेपेला सरांनी टेबलाच्या खणातून एक जाड कागद काढला. जलरंगातला रोहित. एक पाय वर, चोच पाण्यात, आणि पिसांचा तो गुलाबी रंग...  चारी बाजूंना समास. खाली सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं, 'चि. मंगेश यास.'

"काकू गेल्यापासून हात लावला नव्हता रंगांना," सर म्हणाले. "त्याच्या फोटोवरून काढलं. त्याला आवडलं तर पहिल्या पानावर लावायला सांग. नाहीतर राहू दे, जबरदस्ती नाही."

माझ्या तोंडून निघतच होतं, सर, मंगेश मीच! देवाशपथ, ओठांवर आलेलं. पण त्यांचा चेहरा इतका उजळलेला होता की धीर झाला नाही. मी चित्र घेतलं. आणि हे असं फार दिवस चालणार नाही, मंगेशला आता जरा बाजूला करावं, म्हणून म्हणालो, "देतो सर. पण तो सध्या आजारी आहे. कावीळ झालीये. थोडे दिवस काम बंद."

वाटलं, सुटलो!

पुढच्या शनिवारी गेलो तर दाराला कुलूप. शेजारी म्हणाले, सकाळीच बाहेर पडलेत, हातात पिशवी होती. मी जिन्यातच बसून राहिलो. दिवेलागणीला सर आले. धोतराच्या सोग्याला लाल माती, चेहरा उन्हानं रापलेला.

"सर, कुठे गेलेलात?"

"खडवलीला."

मी त्यांच्या मागोमाग आत गेलो.

सर खुर्चीत बसले, पाणी प्यायले, आणि हसायला लागले. "अरे, गंमतच झाली. मुलगा आजारी, म्हटलं मनुका आणि फळं देऊन यावं. स्टेशनाबाहेर विचारलं, मंगेश कुठे राहतो? कोणता मंगेश, म्हणाले. मी म्हटलं, ज्याला पक्ष्यांचा नाद आहे तो. मग एकानं बरोबर घराशी नेऊन सोडलं. मंगेशच. पण अंगणात ही कोंबड्यांची खुराडी!"

"बापरे!"

"मी विचारलं, बाळा, कावीळ कशी आहे? तो म्हणाला, कावील कोनाला? मना काय बी नाय झायलंय. म्हटलं, आसनगावची सोयरीक? तर आतून त्याची बायको बाहेर आली आणि त्याच्याकडे अशी बघायला लागली की बिचारा खुराड्याआड सरकला. शेवटी तो म्हणाला, बाबा, कोंबरी घ्यायची असंल तं घ्या, नाय तं घरी जावा, ऊन लय हाय."

मी हसलो. हो, हसलो मी! सरांबरोबर, पोट धरधरून. आणि मग सरांचं हसू थांबलं.

"पण सुहास, आपला मंगेश राहिलाच रे. आजारी मुलगा, कोण बघत असेल त्याच्याकडे? सगळं गाव विचारत फिरलो, पत्ता लागला नाही. तू मला नीट पत्ता लिहून दे. उद्या पुन्हा जातो."

पिशवी त्यांच्या पायाशी तशीच होती. मनुकांचा पुडा वर दिसत होता.

आता काय करणार? सांगितलं. सगळं. घोड्यापासून आसनगावपर्यंत. सर, मंगेश कोणी नाहीच. साइट माझी, फोटो माझे. लोक तोंडावर छान म्हणतात, म्हणून तुमच्याकडे आलेलो, आणि पेन्सिल बघून घाबरलो. मला खरं ऐकायचं होतं सर!

मला वाटलं, आता कानाखाली बसणार. खरं सांगतो, मी गाल पुढे करूनच बसलेलो.

 सरांनी पिशवी टेबलाखाली सारली. मग 'आजारपणाआधीची' म्हणून मी त्या दिवशी आणलेली पानं त्यांनी स्वतःच हात पुढे करून घेतली. चष्मा लावला. एकेक पान उलटलं. पेन्सिल काही खिशातून बाहेर आली नाही. पानं सारखी करून माझ्या हातात परत दिली.

"छान आहे," सर म्हणाले.

अहो, तो 'छान' माझ्या काळजात असा बसला! चित्र परत आणून देतो म्हटलं, तर म्हणाले, "ते माझं नाही आता. ज्याचं आहे त्याला दे."

नंतरही जात राहिलो मी. दर शनिवारी. दार वाजवावं लागायचं. सर चहा करायचे, बिस्किटं काढायचे, पानं बघायचे आणि म्हणायचे, छान. चुका दिसत नसतील? सरांना? मला दिसत होत्या की! शेवटी मी हट्टाला पेटलो. एक पान असं बिघडवलं, असं बिघडवलं, की विचारू नका. ढग परत आणले. लाल अक्षरं परत आणली. बगळा भिंतीकडे तोंड करून बसवला. समास साफ उडवला. फावडेवाला एक नाही, चांगले दोन लावले! आणि नेऊन ठेवलं सरांपुढे. म्हटलं, आता कसे गप्प बसतात बघतो.

सरांनी पान पाहिलं. हात खिशाकडे गेला. गेला हो, मी बघितला! पेन्सिलीचं टोक बाहेर आलं. आणि मग त्यांनी ती पुन्हा आत सरकवली.

"छान आहे."

"सर, ढग आहेत यात!" मी रडकुंडीला आलो. "समास नाही! दोन माणसं खाडी खणतायत! बोला ना काहीतरी! शिव्या द्या!"

"मंगेशला दिल्या असत्या," सर शांतपणे म्हणाले. "तू पाहुणा आहेस. साखर किती घालू?"

सर गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ती साइट इंटरनेटवरच्या ज्या फुकटच्या जागेवर होती ती जागाच बंद पडली. राहिलं फक्त ते चित्र. हॉलमध्ये लावलंय मी, हे बघा, तुमच्या मागेच. येणारा प्रत्येक जण खालचं नाव वाचतो आणि विचारतो, "मंगेश कोण हो? मुलगा का तुमचा?"

मी काही बोलायच्या आत आतून वर्षाचा आवाज येतो, "नाही, नाही. सरांचा विद्यार्थी होता. यांच्यापेक्षा हुशार!"